लिलावात भलत्याच शहराचं नाव निघालं, आता पुढं काय? (कबड्डीच्या नव्या पोरांसाठी)

प्रो कबड्डीचा लिलाव लागला की सगळ्यांचे डोळे आकड्यावर. अकराव्या सीझनला सी कॅटेगरीची बेस प्राइस (जिथनं बोली सुरू होते ती रक्कम) 13 लाख होती, सगळ्यात खालच्या डी ची 9 लाख, त्याच्यावर किती गेला, कुणी वाढवला, एवढीच चर्चा. पण पॅडल (बोली लावायची पाटी) कुठल्या टीमनं वर केलं म्हणजे हे पोरगं पुढचे काही महिने कुठं राहणार, काय खाणार, कुणाशी कुठल्या भाषेत बोलणार, हे कुणी विचारत नाही. ज्याचं नाव पुकारलं त्याला तर विचारायचा प्रश्नच नाही. तू चंदगडचा अस नाहीतर रोह्याचा, पाटणा म्हटलं तर पाटणा आणि चेन्नई म्हटलं तर चेन्नई.

आमच्या मंडळातली पोरं अशी जातात तेव्हा करार वाचायला, बॅग भरायला आणि मग रात्री अकराला येणारे फोन उचलायला मी असतो, त्यातून जे कळलं ते क्रमानं लिहितोय. रेड कशी मारायची ते तुझे कोच सांगतील, इथं बाकीचं.

१. आधी विचार, नक्की जायचं कुठं

टीमच्या नावात शहर आहे म्हणून तू तिथंच राहणार असं काही नाही, हे पहिलं डोक्यात घे. दहाव्या सीझनला बारा शहरांत मॅचेस झाल्या, पण अकराव्याला सगळा सीझन फक्त हैदराबाद, नोएडा आणि पुण्यात झाला. म्हणजे पाटणा पायरेट्स त्या वर्षी फायनलपर्यंत गेली आणि पाटण्यात एकही मॅच झाली नाही! बाराव्याला परत वेगळंच, विशाखापट्टणम, जयपूर, चेन्नई, दिल्ली. कॅम्पचं पण तेच, टीम एका शहराची आणि कॅम्प दुसरीकडंच असं होऊ शकतं.

म्हणून टीम मॅनेजरचा पहिला फोन आला की लाजायचं नाही, सरळ विचारायचं: कॅम्प कुठं, कधीपासून, राहायची सोय हॉटेल का अपार्टमेंट, एका रूममधे किती जण, मॅचेसचा रूट काय. व्हॉट्सॲपवर लिहून मागव. घरच्यांना पण तोच मेसेज फॉरवर्ड कर म्हणजे आई रोज विचारणार नाही की आता कुठं आहेस (तरी विचारेलच).

आणि हे शहर कायमचं आहे असं समजू नको. आपल्याच कोल्हापूरकडचा सिद्धार्थ देसाई बघ, यू मुंबा, मग 2019 ला 1 कोटी 45 लाखांना तेलुगू टायटन्स, मग हरियाणा, मग दिल्ली. इराणचा शादलू पाटण्यात खेळला, पुण्यात येऊन कप जिंकला, पुढच्या वर्षी हरियाणाकडून परत कप जिंकला आणि त्याच्या पुढच्या वर्षी गुजरात. कप जिंकून देणाऱ्याला पण एका जागी ठेवत नाहीत तिथं डी कॅटेगरीवाल्यानं शहरात सेटल व्हायचे प्लॅन करण्यात अर्थ नाही. तुला सेटल करायचाय तो तुझा दिवस. उठणं, जेवण, झोप, घरी फोन, ह्याचा एक असा साचा बसव की तो बॅगेत टाकून कुठंही नेता यावा.

२. सही करायच्या आधी

करार इंग्रजीत असतो आणि जाडजूड असतो. "सगळ्यांचा सेमच असतो" असं कुणीतरी म्हणणारच, असू दे सेम, तू वाच. स्वतःला जमत नसेल तर तालुक्याला एखादा वकील पकड, त्याला फी दे, फुकटात वाचणारा पाहुणा नको. बघायचं काय तर पैसे किती हप्त्यांत आणि कुठला हप्ता कधी, दुखापत झाली तर ऑपरेशन आणि नंतरचा फिजिओ कुणाच्या खर्चानं, मधेच बाहेर काढलं तर काय मिळणार, आणि सीझन नसताना गावच्या स्पर्धा खेळायला परवानगी आहे का. हे शेवटचं लई महत्त्वाचं आहे कारण गावाकडच्या मंडळांना वाटतं पोरगं आपलंच आहे, नाईट मॅचला उतरवू, आणि तिथं गुडघा गेला तर भरपाई कोण देणार?

नोकरी असेल, रेल्वे, पोलीस, बँक, कुठलीही, तर ना हरकत प्रमाणपत्र आधी. तोंडी "जा रे" चालत नाही. साहेब बदलले की नवे साहेब फाईल उघडतात.

बँकेचं म्हणशील तर खातं तुझ्या नावावर, मोबाईल नंबर तुझा, ओटीपी तुझ्याकडं. काका चांगले असतात, तरीसुद्धा. टॅक्सचं थोडक्यात सांगतो: टीम पैसे देताना 10 टक्के टीडीएस (आगाऊ टॅक्स) कापते, म्हणजे 13 लाखांवर 1 लाख 30 हजार कमी येतात, आणि मग घरी वाटतं मॅनेजरनं खाल्ले. खाल्ले नाहीत, ते तुझ्या पॅनवर जमा आहेत. 2025-26 पासून नव्या रिजीममधे 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर टॅक्स शून्यावर येतो, तेव्हा डी कॅटेगरीतल्या पोराचं दुसरं मोठं उत्पन्न नसेल तर कापलेले पैसे रिफंड होऊ शकतात, पण रिटर्न भरलं तरच. वर्षाची कमाई 20 लाखांच्या वर जायला लागली तर जीएसटीचं पण विचारून घे. सीए लाव, वर्षाला काही हजार जातील, जाऊ देत.

आणि मिळालेल्या पहिल्या हप्त्यातून थार बुक करू नको. हे मी दर वर्षी सांगतो आणि दर वर्षी कुणीतरी करतंच.

३. बॅग

किट टीम देते. तू न्यायचं ते तुझ्या पायात बसलेले मॅटचे शूज (नवे कोरे घेऊन गेलास तर पहिल्याच आठवड्यात फोड), सवयीचा नी-कॅप, एक पातळ चादर, जुने मेडिकल रिपोर्ट आणि एमआरआय झाला असेल तर त्याची सीडी किंवा फोटो, आधार-पॅनच्या झेरॉक्स. विमानात चेक-इनला बऱ्याच कंपन्यांची मर्यादा 15 किलो असते, लोणच्याची बरणी आणि तिखट केबिन बॅगेत अडवतात, म्हणून ते मोठ्या बॅगेत, दोन पिशव्यांत गुंडाळून. शेंगदाण्याची चटणी जास्त ने. का ते जेवणाच्या मुद्द्यात कळेल.

४. कॅम्पचा पहिला आठवडा

कुठल्याही टीममधे जा, हरियाणाची पोरं भरपूर असणार. त्यांचं बोलणं पहिल्यांदा ऐकलं की वाटतं हे भांडतायत, भांडत नसतात, चहा मागत असतात. उलट आपल्याकडची पोरं गप्प बसतात, कोपऱ्यात मोबाईल घेऊन, आणि मग कोचला वाटतं ह्याला इंटरेस्ट नाही किंवा घमंड आहे. गप्प राहण्यानं जेवढं नुकसान होतं तेवढं चुकीच्या हिंदीनं होत नाही. "मेरेको", "तेरेको" बिनधास्त बोल, मॅटवर कुणी व्याकरण तपासत नाही.

बोलायची सुरुवात मॅटवरूनच कर. आपण चढाई, पकड, कोपरारक्षक म्हणत मोठे झालो, तिथं रेड, टॅकल, लेफ्ट कॉर्नर, कव्हर, डॅश, अँकल होल्ड. त्यातले निम्मे शब्द टीव्हीनं शिकवलेत, बाकीचा खरा भाग म्हणजे पकड करताना एकमेकांना जे ओरडतात ते. प्रत्येक टीमचं वेगळं असतं. कव्हरवाला कधी "रुक" म्हणतो आणि कधी "जा" म्हणतो ते पहिल्या दोन दिवसांत विचारून घे, नाहीतर तू ॲडव्हान्स टॅकलला (वेळेआधीच पकडीला) उडी मारणार, चेन (हात धरून उभ्या डिफेंडरांची साखळी) तुटणार, आणि तीन पॉईंट देऊन बसणार. डिफेंडरला हे रेडरपेक्षा जास्त लागू आहे. रेडर एकटा जातो, त्याचं एक वेळ भागतं.

सीनियरला नावानं हाक मारायची नाही, नावापुढं भाई. कोचला सर. चेन्नईत तमिळ पोरांमधे मोठ्याला अण्णा, बंगालवाल्यांमधे दादा. इराणी पोरं असतील तर त्यांची अवस्था तुझ्याहून अवघड आहे, त्यांच्यासोबत जेवायला बस, दोघांनाही हिंदी येत नसली की मैत्री लवकर होते असा माझा अनुभव.

रूममेट बहुधा मॅनेजर ठरवतो. मराठीच पोरगं मिळावं असं वाटेल, मागू नको. दोन मराठी एका रूममधे पडले की दोघं मिळून घरची आठवण काढत बसतात आणि सीझन संपेपर्यंत बाकीच्या टीमला त्यांची नावं धड माहीत नसतात.

५. खाणं

हॉटेलचा बुफे पहिले चार दिवस लग्नासारखा वाटतो. पाचव्या दिवशी तेच पनीर, तीच पिवळी डाळ. त्यात न्यूट्रिशनिस्टचा तक्ता, वजनाची मर्यादा, आणि पोराला पाहिजे भाकरी. भाकरी मिळणार नाही. उत्तरेत असलास तर रोटी, दही, अंडी ह्याच्यावर काम चालतं, दक्षिणेत असलास तर भात वाढतो, आणि भाताला नावं ठेवू नको कारण मॅचच्या आदल्या रात्री तोच बरा. इडली पचायला हलकी, सकाळच्या प्रॅक्टिसआधी दोन इडल्या खाऊन बघ, पोहे विसरशील असं म्हणत नाही पण चालतं. पाटण्यात असलास तर सत्तू, म्हणजे भाजलेल्या हरभऱ्याचं पीठ, पाण्यात कालवून पितात, प्रोटीन पण आहे आणि स्वस्त पण. तोंडाला चव राहत नसेल तेव्हा शेंगदाण्याची चटणी काढायची, म्हणून जास्त न्यायला सांगितली. पण एकदा डब्बा उघडला की पूर्ण टीम येते, हे गृहीत धर.

हवेचं पण बघ. चेन्नई, कोलकाता, विशाखापट्टणम, घाम थांबतच नाही, नुसतं पाणी ढोसून उपयोग नाही, मीठ जातं, ओआरएस ठेव, नाहीतर दुसऱ्या हाफला पोटरीत गोळे. दिल्ली-नोएडाकडं नोव्हेंबरमधे उलटा प्रॉब्लेम. 2024 ला नोएडाचा टप्पा चालू होता त्याच महिन्यात दिल्लीकडची हवा इतकी बिघडली की शाळा ऑनलाइन करायला लागल्या. अशा वेळी सकाळी बाहेर रनिंग करायचा जोश नको, आत जिममधे कर, आणि दमा किंवा ॲलर्जी असेल तर टीम डॉक्टरला पहिल्या दिवशीच सांग.

६. औषध, इथं मस्करी नाही

परक्या शहरात सर्दी-खोकला होणारच. मग पोरगं खाली जातं, मेडिकलमधून एक सिरप आणतं, पितं आणि झोपतं. आपल्याकडच्या काही खोकल्याच्या सिरपमधे टर्ब्युटालिन असतं, ते खेळाडूंच्या डोपिंगच्या बंदीच्या यादीत आहे. सर्दीच्या गोळ्यांमधलं स्युडोएफेड्रिन ठराविक प्रमाणाच्या वर सापडलं तर स्पर्धेच्या काळात पॉझिटिव्ह. आणि गुडघ्याला स्टेरॉइडचं इंजेक्शन, जे गावाकडं "एक सुई मारू, उद्या पळशील" म्हणून देतात, ते 2022 पासून स्पर्धेच्या काळात बंद आहे, सांध्यात घेतलं तरी. नियम असा आहे की अंगात सापडलं म्हणजे जबाबदारी खेळाडूची, कुणी दिलं, का दिलं हे नंतर. बंदी चार वर्षांपर्यंत जाऊ शकते. चार वर्षं म्हणजे कबड्डीत करिअर संपलं.

म्हणून प्रत्येक गोळी टीम डॉक्टरला दाखवून. नाडाचं (डोपिंग तपासणारी राष्ट्रीय संस्था) नो युवर मेडिसिन नावाचं ॲप आहे, नाव टाकून तपासता येतं. प्रोटीनचे डब्बे जिमवाल्या मित्राकडून नको, आणि कुणी देशी पुडी दिली, "आयुर्वेदिक आहे, काही नसतं ह्यात", तर नमस्कार कर आणि परत दे.

७. रिकामा वेळ

खरा त्रास इथं आहे, भाषा आणि जेवण तर पंधरा दिवसांत सवयीचं होतं. सकाळी प्रॅक्टिस, संध्याकाळी प्रॅक्टिस किंवा मॅच, मधले पाच-सहा तास एसी रूम, पडदे बंद, मोबाईल. आठवा सीझन तर अख्खा बंगळुरूत, बायोबबलमधे (कोविडमुळं बाहेरच्यांशी संपर्क बंद), प्रेक्षकांशिवाय झाला, पण बबल नसतानासुद्धा बरीच पोरं स्वतःहून तसंच राहतात.

त्यात तू नवीन, म्हणजे बेंचवर. गावात प्रत्येक मॅचचा हिरो असणारा पोरगा इथं अख्ख्या सीझनमधे दोनदा सब्स्टिट्यूट म्हणून उतरतो, एक रेड, रिकामी, परत बाहेर. आणि गावाकडं सगळे टीव्ही लावून बसलेले. मग मेसेज सुरू: "का खेळवत नाहीत रे?" ह्याचं उत्तर तुझ्याकडं नसतं आणि रोज द्यायला लागतं. माझा सल्ला, घरी एकच माणूस ठरव, भाऊ किंवा बहीण, टीममधे आहे-नाही ते फक्त त्याला सांगायचं आणि बाकीच्यांना तो सांभाळेल. मंडळाचा ग्रुप म्यूट. सोडू नको, राग धरतात.

इन्स्टावर अनोळखी लोक गोड बोलून विचारतील, "भाई कल स्टार्टिंग सेव्हन में कौन?", "भाई के घुटने का क्या हुआ?" फॅन वाटतात. टीमच्या आतली माहिती बाहेर देणं म्हणजे सट्टेवाल्यांना मदत, भले तुला त्यातला एक रुपया मिळो न मिळो. उत्तर द्यायचं नाही, स्क्रीनशॉट काढून मॅनेजरला द्यायचा.

मधल्या तासांत एक काहीतरी धर. एका पोरानं बी.ए.चं राहिलेलं वर्ष मुक्त विद्यापीठातून ह्याच वेळेत वाचून काढलं. दुसरा रोज स्वतःचा एक मॅच व्हिडिओ बघून वहीत लिहायचा, कुठल्या पायावर उभा होतो तेव्हा पकडला गेलो. झोप दुपारी अर्धा-पाऊण तास, तीन तास झोपलास तर रात्री दोनला डोळे टक्क आणि मग हातात मोबाईल. आणि झोप लागत नाहीये, भूक नाही, कुणाशी बोलावंसं वाटत नाही असं बरेच दिवस चाललं तर फिजिओ किंवा डॉक्टरशी बोल. दुखणाऱ्या खांद्याबद्दल बोलतोस तसंच बोलायचं, त्यात लाजण्यासारखं काय आहे.

सणाला जड जातं हे सांगून ठेवतो. बारावा सीझन 29 ऑगस्ट 2025 ला सुरू झाला, गणपती बसले 27 ला. कोकणातल्या पोराला गणपतीत घरी नसणं म्हणजे काय ते कोचला समजवता येत नाही, सुट्टी पण मिळत नाही. त्या दिवशी आरतीच्या वेळेला व्हिडिओ कॉल, आणि मग सरळ मॅटवर, रूमवर एकटा थांबू नको.

८. सुट्टीच्या दिवशी बाहेर पड

मॉल सोडून दुसरीकडं. मॉल सगळीकडं सारखाच. चेन्नईत पहाटे मरीना, पाटण्यात गंगेचा घाट, हैदराबादला चारमिनारची गल्ली, टीममधल्या लोकल पोराला सोबत घे, तोच तुला त्याच्या घरी जेवायला पण नेईल. कुठं चाललास ते मॅनेजरला सांगून जा आणि वेळेत परत ये.

आपली माणसं सगळीकडं असतात, फक्त शोधायची कुठं ते माहीत पाहिजे. महाराष्ट्र मंडळं बहुतेक मोठ्या शहरांत आहेत, ठीक आहेत, कार्यक्रमाला बोलावतात, शाल देतात. पण खरी सोय म्हणजे गलाईवाले. विटा, खानापूर, आटपाडीकडची माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात देशभर पसरलीत, तमिळनाडूपासून बिहारपर्यंत सराफ बाजार असेल तिथं एखादा सांगलीकडचा निघतोच. बाजारात जाऊन "गलाईवाले मराठी कोण आहेत?" एवढं विचार. ते तुला घरी नेतील, भाकरी आणि मटण घालतील आणि पुढच्या मॅचला अख्खं दुकान बंद करून तुझ्या नावानं ओरडायला येतील, टीम भले कुठलीही असू दे.

९. पुण्यात मॅच पडली तर

तू दुसऱ्या टीमच्या जर्सीत, समोर पुणेरी पलटण, स्टँडमधे तुझे मामा. गाव टेम्पो करून येणार आणि प्रत्येकाला पास पाहिजे. पास मोजकेच मिळतात. मॅनेजरला आठवडाभर आधी विचार किती मिळतील, तेवढी नावं वडिलांना ठरवू दे, बाकीच्यांना तिकिटाची लिंक पाठव आणि फोन सायलेंट. मॅचच्या दिवशी हॉटेलच्या लॉबीत कुणाला भेटायचं नाही असा नियम कर, मॅच झाल्यावर भेट. पब्लिक पलटणच्या बाजूनं ओरडणार, त्यात तुझ्या ओळखीचे पण असतील, मनाला लावून घेऊ नको, उतरलास तर पॉईंट आण.

१०. सीझन संपला की

निघायच्या आधी टीमच्या ऑफिसकडून टीडीएसचं सर्टिफिकेट कसं आणि कधी मिळणार ते विचार, तुझे सगळे मेडिकल रिपोर्ट कॉपी करून घे, किरकोळ दुखणं पण फिजिओच्या रेकॉर्डवर लिहून घे, कारण घरी आल्यावर गुडघा सुजला तर तो सीझनमधे दुखावला हे दाखवायला कागद लागतो. राहिलेला हप्ता किती, कधी येणार, ते ईमेलवर मागव.

रिटेन होशील (टीम ठेवून घेईल), सोडतील किंवा लिलावात कुणी पॅडलच वर करणार नाही, तिन्ही शक्य आहे. डुबकी किंग परदीप नरवाल, एका काळचा 1 कोटी 65 लाखांचा खेळाडू, 2025 च्या लिलावात अनसोल्ड राहिला. म्हणून हातातली नोकरी सोडायची नाही, स्पोर्ट्स कोट्याची भरती निघाली की अर्ज टाकायचा (राज्यात खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे), जिल्हा आणि राज्य स्पर्धांची सर्टिफिकेट्स लॅमिनेट न करता फाईलमधे ठेवायची, पडताळणीला ओरिजिनल लागतात. पंधरा दिवस आराम, मग परत मंडळाच्या मैदानावर, पण करारातली परवानगीची अट वाचून. आणि नवीन टीमच्या मॅनेजरचा फोन आला की पहिला प्रश्न, कॅम्प कुठं.